ढवळल्याशिवाय नमुना घेऊ नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या आपल्या क्रीडा पुरवणीत फॅन्टसी लीगवर पानभर मजकूर होता. आयपीएल तोंडावर आलीय, तेव्हा तो असणारच. पैसे लावून खेळणं ऑगस्ट २०२५च्या कायद्याने बंद झालं, पण फुकटात डोकं चालवायला कोण अडवतंय? माझी तक्रार त्या मजकुराबद्दल नाही, कोपऱ्यातल्या चौकटीबद्दल आहे. ‘अमेरिकेत बेसबॉलचे रसिक वसंत प्रशिक्षणातील आकडेवारी पाहून शास्त्रीय पद्धतीने संघ निवडतात, आपणही सराव सामन्यांतील फॉर्म पाहावा,’ असं तिथे लिहिलंय. खाली एका खेळाडूची सरासरी ‘०.३५० टक्के’ छापलीय. म्हणजे हजार वेळा बॅटिंगला येऊन साडेतीन यशस्वी फटके. इतका वाईट खेळाडू माझ्या नातवाच्या शाळेतसुद्धा नसेल. त्या आकड्याचा अर्थ हजारात साडेतीनशे असा असतो, आणि तो उत्तम समजतात.

टक्क्यांचं मी छपाईची चूक म्हणून सोडून देते. वरचं वाक्य मात्र सोडवत नाही, कारण त्याच समजुतीपायी २०१७ साली मी बारा घरांसाठी पुरणपोळ्या लाटल्या आहेत.

आधी माझी ओळख सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं काढली. गर्बर पद्धतीने फॅट काढायची म्हणजे १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग नळी मशीनमध्ये फिरवायची. दिवसाला दोनशे-दोनशे नळ्या व्हायच्या. माझ्या तीन साड्यांना त्या आम्लाने भोकं पाडलीत. २०१६ला निवृत्त झाले. हे त्याआधीच गेले होते. लेक-जावई ॲरिझोनात फिनिक्सशेजारच्या मेसा गावात असतात. लेक म्हणाली, थंडीत इकडेच येत जा. तेव्हापासून मी नोव्हेंबरात जाते आणि एप्रिलअखेर गावी परत येते. एकट्या बाईला तिथे दिवसभर करायचं काय, हा प्रश्न पहिल्याच मार्चमध्ये सुटला. घरापासून गाडीने दहा मिनिटांवर बेसबॉलचं मैदान निघालं.

चौकट लिहिणाऱ्यांना हे वसंत प्रशिक्षण म्हणजे उन्हाळी शिबिर वाटलं असावं. तसं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये तीस संघ आहेत. फेब्रुवारीच्या मध्याला त्यातले पंधरा फ्लोरिडात जमतात आणि पंधरा फिनिक्सच्या आसपास. इकडच्या सामन्यांना कॅक्टस लीग म्हणतात. साताऱ्यापासून वाई आणि कराड जेवढं, जवळपास तेवढ्याच अंतरात दहा मैदानं आहेत. महिनाभर रोज दुपारी सामने होतात, मार्चअखेर खरा हंगाम सुरू होतो आणि मग या महिन्याभराचे सगळे आकडे पुसून पाटी कोरी होते. यातला एकही होमरन, म्हणजे मैदानाबाहेर मारलेला फटका, आपला षटकारच, कुणाच्या नावावर राहत नाही. पण फॅन्टसी लीगचे ड्राफ्ट, म्हणजे खेळाडू वाटून घेण्याच्या बैठका, नेमके याच महिन्यात असतात. डोळ्यांसमोर दुसरं काही नसतं, म्हणून लोक हेच आकडे बघतात. मी बघितले.

आमची लीग लेकीच्या ओळखीतल्या बारा घरांची आहे. पाच मराठी, चार तेलुगू, एक पंजाबी, दोन तिथलीच अमेरिकन. २०१७च्या मार्चमध्ये एकाची बदली झाली आणि बारावं नाव कमी पडलं. जावई म्हणाले, “आई, तुम्ही नुसत्या बसा, कुणावर बोली लावायची ते मी सांगतो.” आमच्याकडे लिलाव असतो. प्रत्येकाला २६० खोटे डॉलर मिळतात आणि त्यात २३ खेळाडू बसवायचे. मग हंगामभर त्यांचे होमरन, धावा, सरासरी, स्ट्राइकआउट वगैरे दहा रकान्यांत बेरीज चालते. (ही पद्धत १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने मित्रांबरोबर सुरू केली. ते जिथे जेवायला भेटत त्या फ्रेंच हॉटेलच्या नावावरून तिला रोटिसेरी म्हणतात. फिरवून भाजलेल्या कोंबडीचं हॉटेल. खेळाचं नाव कशावरून पडेल सांगता येत नाही.) शेवटच्या नंबराने हंगाम संपल्यावर सगळ्यांना जेवू घालायचं, एवढाच दंड.

जावई सांगणार म्हणाले खरे, पण लिलाव सुरू झाल्यावर माझ्याविरुद्धच बोली लावायला लागले. मग मी माझं डोकं चालवलं. न्यूयॉर्क यांकीजचा ग्रेग बर्ड नावाचा उंचापुरा मुलगा होता. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे आदल्या वर्षी एकही सामना खेळला नव्हता. सरावात त्याची सरासरी होती ०.४५१, आणि ८ होमरन. फ्लोरिडातला असल्यामुळे मी त्याला डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, पण आकडा असा की बघतच राहावं. मी १९ डॉलर लावले. टाळ्या पडल्या. आता कळतं, त्या कसल्या होत्या.

हंगाम सुरू झाला. एप्रिलअखेर मी साताऱ्यात परत आले आणि सकाळच्या चहाबरोबर मोबाईलवर रात्रीचे सामने बघायला लागले. बर्ड पहिल्या साठ वेळा बॅटिंगला येऊन सहाच फटके मारून दुखापतीच्या यादीत गेला. सरावाच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या घोट्यावर त्याने स्वतःच मारलेला चुकार बॉल बसला होता. तो घोटा कुठल्याही तक्त्यात नव्हता. जुलैत शस्त्रक्रिया झाली, वर्षाची सरासरी ०.१९० भरली. मी बाराव्या नंबरावर आले. नोव्हेंबरात मेसाला पोचल्या पोचल्या साठ पोळ्या आणि घागरभर कटाची आमटी. पंजाबी घरातल्या ताईंनी डबा भरून नेला आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षीही तुम्हीच या शेवटच्या.

पुढच्या वर्षी मी उलटी चूक केली.

२०१८ला जपानहून शोहेई ओतानी आला. तो बॅटिंगही करणार आणि पिचिंगही, म्हणजे गोलंदाजीही, असं तिथे कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा संघ एंजल्स, त्यांचं सराव-मैदान टेम्पीत, आमच्या घरापासून जवळ. मी लेकीला घेऊन गेले. जपानी पत्रकार एवढे होते की स्वच्छतागृहालाही रांग. मी गेले त्या दिवशी त्याने काही दाखवलं नाही. महिनाभरात ३२ वेळांत चार फटके, सरासरी ०.१२५. पिचर म्हणून पावणेतीन इनिंगही पूर्ण केल्या नाहीत आणि ईआरए २७. क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर चांगला पिचर नऊ इनिंगमध्ये, म्हणजे एका पूर्ण सामन्यात, तीन-साडेतीन धावा देतो, हा सत्तावीसच्या हिशेबाने देत होता. वर्तमानपत्रं लिहायला लागली की याला आधी खालच्या लीगमध्ये पाठवा. पुरणपोळ्यांचे चटके ताजे होते. लिलावात मी हात वर केला नाही. शेजारच्या तेलुगू घराने त्याला ६ डॉलरला नेला.

एप्रिलच्या ३, ४ आणि ६ तारखेला त्याने सलग तीन सामन्यांत होमरन मारले. वर्षअखेर २२ होमरन, सरासरी ०.२८५, पिचर म्हणून ईआरए ३.३१ आणि त्याच्या लीगमधला सर्वोत्तम नवोदित.

मला जी गोष्ट लागली ती वेगळीच. मार्चच्या अगदी शेवटी एक बारीक बातमी आली होती. ओतानी बॉल खेळताना पुढचा पाय उंच उचलायचा, ते त्याने बंद केलं होतं आणि आता नुसता अंगठा टेकवून फिरत होता. पलीकडचे वेगवान बॉल त्याला गाठत होते, म्हणून हालचाल कमी केली. ती बातमी मी वाचली होती, वाचून पान उलटलं होतं. ०.१२५ मला दिसला आणि पाय दिसला नाही. ३१ वर्षं नमुने तपासलेल्या बाईने हे करावं?

कारण प्रयोगशाळेत नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी जे शिकवायचे ते हेच. म्हशीचं दूध कॅनमध्ये तासभर उभं राहिलं की साय वर येते. वरचं डिपरभर घेतलंत तर फॅट साडेआठ लागेल, तळाचं घेतलंत तर चार. दोन्ही आकडे खरे आणि दोन्ही निरुपयोगी. आधी प्लंजर घालून तळापासून ढवळायचं, मग नमुना. शिवाय सकाळचं की संध्याकाळचं, म्हशीचं की मिसळीचं, किती तापमानाला, हे वहीत लिहायचं. त्याशिवाय नळीतल्या आकड्याला मी सही करायचे नाही. मग बेसबॉलच्या आकड्याला कशी केली?

तर २०१९पासून मी दूध संघाच्या जुन्या रजिस्टरसारखी एक वही करते.

ती वही मला खरं तर शिकवली ती मैदानावरच्या एका बाईंनी. मेसातलं शिकागो कब्जचं मैदान २०१४ साली झालं. पंधरा हजार माणसं मावतात. आउटफील्डच्या मागे गवताची उतरण आहे, तिथलं तिकीट स्वस्त. चादर अंथरायची आणि बसायचं. मार्चमध्ये मेसात संत्री मोहरतात, वारा आला की वास उतरणीपर्यंत येतो. तिथे एक पंच्याहत्तरी पार केलेल्या बाई येतात, शिकागोहून खास. डोक्याला स्कार्फ, मांडीवर स्कोअरची वही, कानावर पेन्सिल. आम्हाला एकमेकींचं इंग्रजी निम्मं कळतं. एका दुपारी सातव्या इनिंगमध्ये कब्जच्या एका पोराने असा बॉल मारला की तो आमच्या डोक्यावरून मागच्या वाटेवर पडला. माणसं उभी राहिली, पोरं बॉलमागे धावली, माझ्या नातवाने सांडलेला सोडा माझ्या चादरीवर. या बाईंनी मान वर केली नाही. त्यांनी पिचरच्या रकान्यात त्याच्या शर्टावरचा नंबर, ९६, लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. मला वही दाखवली. पाचव्या इनिंगनंतरचे सगळे आकडे गोलांत होते. “नाइन्टी सिक्स,” त्या म्हणाल्या, “पाठीवर नाव पण नाही. एप्रिलमध्ये हा बसने गावोगाव हिंडत असेल.”

ही गोष्ट आपल्या चौकटीत हवी होती. सरावाच्या सामन्यात पहिल्या फळीचे खेळाडू दोन-तीनदा बॅटिंग करतात आणि चौथ्या-पाचव्या इनिंगला आंघोळीला जातात. पुढे मैदानात असतात ते ऐंशी-नव्वदच्या नंबरांचे विशीतले पोरगे, ज्यांतले बरेच कधी मोठ्या लीगमध्ये पोचणारच नाहीत. त्यांच्यावर मारलेला होमरन आणि मुरलेल्या पिचरवर मारलेला होमरन तक्त्यात एकाच रकान्यात बसतात. साय आणि तळ एकाच नळीत. बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या वेबसाइटवाले हल्ली सरावाच्या आकड्यांपुढे समोरच्याची पातळी देतात. मोठ्या लीगचा खेळाडू म्हणजे १०, त्याच्या लगेच खालचा म्हणजे ८, असं उतरत जातं. कुणाची सरासरी ०.४०० आणि समोरची पातळी सात असेल तर मी तो आकडा वहीत पेन्सिलने लिहिते, शाईने नाही.

बॅटिंगचं हे, तर पिचरांचं आणखी अवघड. नावाजलेला पिचर मार्चमध्ये सामना जिंकायला येतच नाही. एखाद्या दिवशी तो फक्त नवा चेंजअप, म्हणजे फसवा हळू बॉल, टाकून बघतो, लागोपाठ वीस. समोरच्याला कळलं की तो धुतो. तक्त्यात पाच धावा दिसतात, पिचर मात्र हसत बाहेर येतो, कारण त्याला हवा तसा बॉल पडला. त्यातून ॲरिझोनाची हवा कोरडी. मारलेला बॉल लांब जातो आणि वळणारा बॉल नीट वळत नाही. फ्लोरिडाची हवा दमट. इकडच्या आणि तिकडच्या पिचरांना एका तक्त्यात घालणं म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं दूध एकाच दराने घेणं. संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त लागते हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

मग मी काय बघते? पिचरचा वेग बघते. तो मैदानावरच्या फळ्यावर दर बॉलला येतो आणि त्याला समोर कोण आहे याच्याशी घेणं नाही. गेल्या वर्षी ताशी ९५ मैलांनी टाकणारा फेब्रुवारीत ९२ने टाकत असेल तर मी काही म्हणत नाही, हात मोकळा होतोय. मार्चच्या विशीतही ९२च असेल तर त्याचं नाव खोडते. मग तो धाव देवो न देवो. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद) आणि वॉक (चार बाहेरचे बॉल पडले की बॅटरला फुकट मिळणारा बेस) बघते. रसेल कार्लटन या अभ्यासकाने हिशेब मांडलाय की बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतो याचा अंदाज साठेक संधींत बांधता येतो, पण सरासरीवर विसंबायला नऊशेहून जास्त संधी लागतात. अख्ख्या हंगामात सहाशेच्या आसपास मिळतात आणि सरावात पन्नास-साठ. म्हणजे बर्डच्या ०.४५१वर मी १९ डॉलर लावले तेव्हा माझ्या हातात होता ५१ वेळांचा हिशेब. त्याच्यापेक्षा मोठा नमुना आम्ही एका गल्लीतल्या एका म्हशीचा घ्यायचो.

कामाचं स्वरूप बघते. कुणाला कितव्या क्रमांकावर पाठवणार आहेत, शेवटची इनिंग कुणाकडे देणार आहेत. बॅटिंगच्या क्रमात एक पायरी खाली म्हणजे हंगामात पंधरा-वीस संधी कमी. क्लोजरची जागा मिळालेला साधारण पिचरसुद्धा आमच्या लीगमध्ये सोन्याचा, कारण सेव्हचा, म्हणजे जिंकत आलेला सामना शेवटी राखल्याचा, रकाना दुसरं कुणी भरूच शकत नाही. शिवाय ऑप्शन नावाची भानगड असते, म्हणजे खेळाडूला कुणाला न विचारता खालच्या लीगमध्ये पाठवायची संघाची मुभा. ज्याचे ऑप्शन संपले त्याला खाली पाठवायचा तर आधी बाकी संघांपुढे ठेवावा लागतो, त्यामुळे तो बरा खेळत नसला तरी त्याला ठेवून घेतात. ज्याचे शिल्लक आहेत तो कितीही चांगला खेळो, त्याचीच बॅग भरतात. हे मला जावयांनी नाही, त्या शिकागोच्या बाईंनी सांगितलं.

यावरून क्रिस ब्रायंट. माझ्या येण्याच्या आधीची, २०१५ची गोष्ट, पण मेसाच्या उतरणीवर अजून सांगतात. कब्जचा हा मुलगा त्या मार्चमध्ये ९ होमरन मारून सगळ्यांच्या पुढे होता, सरासरी ०.४२५. त्याला खाली पाठवलं. म्हणे बचाव सुधारायला हवा. १७ एप्रिलला बोलावलं. मोठ्या लीगमध्ये सेवेचं वर्ष १७२ दिवसांचं धरतात, ब्रायंटचे भरले १७१. एका दिवसाने त्याचं वर्ष पुरं झालं नाही आणि संघाला तो आणखी एक हंगाम बांधून मिळाला. त्याने दाद मागितली, २०२०मध्ये निकाल विरुद्ध गेला. आपल्याकडे पूर्वी ३० जूनला निवृत्त होणाऱ्याची १ जुलैची वेतनवाढ हुकायची तसं. आमच्या दूध संघात यावरून एक लेखनिक मरेपर्यंत भांडत होते. सांगायचा मुद्दा, ज्यांनी त्या वर्षी ब्रायंटला घेतलं त्यांना होमरनचा आकडा बरोबर दिसला होता, दिवसांचा दिसला नव्हता. (तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला, त्यामुळे ज्यांनी धीर धरला ते जिंकले. हेही लिहायला हवं.)

आणि सगळ्यांत आधी बघते ती तब्येत. कॅनचं झाकण उघडलं की पहिल्यांदा नाक. वास आला की नमुना उकळून बघायचा, फाटला तर कॅन परत. मग फॅट कितीही असो. पिचरच्या बाबतीत तो वास म्हणजे ‘फोरआर्ममध्ये (कोपराखालच्या हातात) थोडा ताठरपणा’ हे शब्द. बातमीत शेवटच्या ओळीला येतात, संघाचा माणूस म्हणतो काळजीचं कारण नाही, आणि बऱ्याचदा महिन्याभराने कोपराच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरते. ती झाली की वर्ष-सव्वा वर्ष गेलंच. याउलट ‘अमुक खेळाडू आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत’ अशी बातमी दर फेब्रुवारीत तिसाच्या तीस संघांतून येते. कुणी सात किलो कमी केले, कुणी सात वाढवले. आमच्याकडे दर दिवाळीला कुणीतरी सांगायचा की यंदा नवी पेंड सुरू केलीय, बघा आता दूध. आम्ही मान डोलवायचो आणि कॅन वजनाला लावायचो.

जावई म्हणतात मी फार टोकाला जाते. त्यांच्या बाजूनेही सांगते, नाहीतर ते पत्र वाचून रुसतील. जॉन ड्यूअन नावाच्या आकडेतज्ज्ञाचा एक जुना ठोकताळा आहे. एखाद्या मुरलेल्या बॅटरची स्लगिंग, म्हणजे दर संधीमागे फटक्यांनी किती बेस (धावेच्या वाटेवरचे टप्पे) मिळवले तो आकडा, सरावात त्याच्या आजवरच्या आकड्यापेक्षा ०.२००ने जास्त भरली, आणि किमान चाळीस संधी घेतल्या असल्या, तर तो त्या वर्षी स्वतःच्या सरासरीपेक्षा सरस ठरण्याची शक्यता बरी, दहांत सहांहून थोडी जास्त. द इकॉनॉमिस्टच्या डॅन रोझेनहेकनेही २०१५ साली एका परिषदेत मांडलं होतं की सरावाचे आकडे अगदीच टाकाऊ नाहीत, नीट चाळले तर थोडं काही हाती लागतं. मला हे मान्य आहे. २००१ साली आल्बर्ट पुहोल्स आदल्या वर्षाचा बहुतेक काळ अगदी खालच्या लीगमध्ये खेळून सरावाला आला. सराव गाजवला, त्यातच एका ज्येष्ठ खेळाडूच्या दुखापतीने जागा झाली, आणि वर्षअखेर ३७ होमरन आणि एकमताने सर्वोत्तम नवोदित. त्याला मी पाहिलं असतं तर वहीत काय लिहिलं असतं? बहुधा पेन्सिलनेच लिहिलं असतं आणि हुकले असते. पण दहांतले सहा म्हणजे चार वेळा पुरणपोळ्या, हे जावयांना कळत नाही. त्यांनी कधी लाटल्या नाहीत.

वहीने मी जिंकतेच असंही नाही. २०२४ला अटलांटाचा स्पेन्सर स्ट्रायडर मी ४१ डॉलर मोजून घेतला. आदल्या वर्षी २० विजय, २८१ स्ट्राइकआउट. सरावात वेग जागच्या जागी, नवा कर्व्ह बॉल बसत आलेला, ताठरपणाचा शब्द कुठे नाही. माझ्या वहीत त्याच्या पानावर एकही खोड नव्हती. दोन सामने टाकले आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात कोपर गेलं. वर्ष संपलं. नमुना नीट घेतला, आकडा नीट काढला, आणि कॅन घाटात टेम्पोतून पडला. त्याला प्रयोगशाळा काय करणार? त्या वर्षी मी नववी आले.

तेव्हा संपादक महोदय, आयपीएलच्या सराव सामन्यात कुणी चाळीस चेंडूंत शतक ठोकलं असं आपल्या पुढच्या चौकटीत छापाल तेव्हा दोन ओळी अजून घालाव्यात. समोर टाकत कोण होतं? नेटमधला स्थानिक मुलगा की संघाचा पहिला गोलंदाज? सीमारेषा किती यार्डांवर ओढली होती? आणि तो फलंदाज खऱ्या सामन्यात कितव्या नंबरावर येणार आहे? एवढं छापणं जमत नसेल तर शतकही छापू नये. आणि ०.३५०पुढचा टक्के हा शब्द तेवढा काढावा, मला रात्री झोप लागत नाही.

एक विनंती. पत्राखाली माझं नाव आणि गाव छापू नये, ‘एक वाचक, मेसा’ एवढं पुरे. आमच्या लीगमधली दोन मराठी घरं आपला ई-पेपर रोज वाचतात आणि आमचा लिलाव या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. वहीत यंदा दोन नावं शाईने लिहिलीत. ती मी या पत्रात कुठेही घेतलेली नाहीत, तरी पत्र लिलाव उरकल्यावरच छापलंत तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, मेसा